रोगण

गॅसच्या शेजारच्या फळीवर तेलाची किटली असते. रोज उचलायची, वापरायची, परत तिथेच ठेवायची. हात आता न बघताही तिथे जातो. त्या सकाळी काय झालं कोण जाणे, मला फळी पुसायची हुक्की आली. किटली उचलली तर तिच्या बुडाखाली एक वर्तुळ. कडेला तांबूस-तपकिरी, आत मधासारखं पिवळं, आणि त्यावर धूळ, एक केस, एक अर्धी मुंगी, सगळं कायमचं वस्तीला आल्यासारखं बसलेलं. ओल्या फडक्यानं पुसलं, ढिम्म. साबण लावला, गरम पाणी ओतलं, घासणीनं घासलं. मधला भाग जरा मऊ पडला आणि घासणीलाच चिकटला. कडा मात्र नखालाही दाद देईना. बोटाला लागला तो चिकटा ओशट नव्हता, आणि मला खटकलं ते हेच. तेल म्हटलं की ओशट हवं, बोटांतून निसटायला हवं. हे बोटांना धरून ठेवत होतं.

आई केव्हा मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. तिनं चष्मा कपाळावर चढवून वर्तुळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते आता तेल नाही राहिलं रे. रोगण झालंय त्याचं."

एवढं बोलून ती आपल्या कामाला लागली. मी फडकं हातात धरून उभा. कारण त्याच किटलीतलं तेल मी अर्ध्या तासापूर्वी कढईत ओतलं होतं, आणि त्यात परतलेलं पोटातही गेलं होतं. फळीवर काही महिन्यांत ज्याचं रोगण होतं, त्याचं माझ्या आत काय होत असेल? प्रश्न बावळट आहे हे तेव्हाही कळत होतं. पोट म्हणजे फळी नव्हे. पण काही बावळट प्रश्न शहाण्या प्रश्नांपेक्षा चिवट असतात, आणि हा तर विषयालाच शोभेल असा चिवट निघाला.

आधी मी शब्दाच्याच मागे लागलो. रोगण फारसीतून आलं. तिकडे 'रौगन' म्हणजे तेल, तूप, कुठलाही स्निग्ध पदार्थ. मराठीत पोचेपर्यंत तो लाकडावर चढवायचा, वाळून कडक होणारा लेप झाला. म्हणजे फळीवर जे घडलं ते या शब्दानं आपल्या आयुष्यात आधीच करून दाखवलं होतं. 'तेल' या शब्दाचंही तसंच. तैल म्हणजे तिळाचं ते. पुढे कशातूनही पिळून निघालेलं ते तेलच झालं, आणि तीळ बिचारा बाजूला राहिला. सूर्यफुलाचं तेल म्हणणं म्हणजे धात्वर्थ धरला तर सूर्यफुलाचं 'तिळाचं'. इंग्रजीतलं 'ऑइल'ही ऑलिव्हच्या पोटातून आलेलं. घरात आलेल्या नव्या मांजराला जुन्याच मांजराच्या नावानं हाक मारावी, तशी माणसानं प्रत्येक नव्या तेलाला आपल्या पहिल्या तेलाच्या नावानं हाक मारली आहे.

किटलीतलं तेल सूर्यफुलाचं. आमच्याकडे बरीच वर्षं तेच. लहानपणी मला ठाम वाटायचं की हे तेल पाकळ्यांतून निघतं. डब्यावर मोठं पिवळं फूल आणि त्याच्याखाली पिवळी धार. यापेक्षा मोठा पुरावा कुठल्या मुलाला लागतो? पुढे एका कुंडीत मी सूर्यफूल लावलं. ते माझ्या डोक्यावर गेलं, फुललं, आणि मग एक दिवस मान खाली घालून उभं राहिलं ते राहिलंच. पाकळ्या वाळून गळल्या तरी तेलाचा थेंब कुठे दिसला नाही. मी रागावलो होतो बहुतेक. मग घरातल्या कुणीतरी तबकातली एक बी उकरून काढली, दातांनी टरफल फोडलं, आतला राखाडी-पांढरा गर वहीच्या कागदावर ठेवून वाटीच्या बुडानं चिरडला. चोथा झटकल्यावर कागदावर एक डाग उरला. "उजेडाकडे धर," असं सांगितलं गेलं. धरला. डागातून दिवा दिसत होता. अपारदर्शक कागदाला एक खिडकी पडली होती. पाण्याचा डाग वाळून जातो, हा दुसऱ्या दिवशीही तिथेच होता, आणि तिसऱ्याही. ते पान मी बरेच दिवस जपलं; गणिताच्या वहीतलं होतं, त्यावरून बोलणीही खाल्ली.

त्या बीलाही बी म्हणणं तितकंसं बरोबर नाही, हे फार नंतर कळलं. ते फळ आहे. टरफल म्हणजे फळाची भिंत आणि आतला गर ती खरी बी. फूलही एक फूल नव्हे. मधल्या तबकात शेकडो, मोठ्या तबकात हजारावर इवली फुलं दाटीनं बसलेली असतात आणि त्यातल्या प्रत्येकातून एक बी धरते. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो तीही कडेची वेगळी फुलंच, पण वांझ. त्यांचं काम फक्त माश्यांना बोलावण्याचं. बिया दोन दिशांनी फिरणाऱ्या वळणांत बसतात. एका बाजूची वळणं मोजली तर पुष्कळदा ३४ भरतात, दुसऱ्या बाजूची ५५. मी एकदा मोजायला बसलो आणि तिसऱ्यांदा चुकल्यावर नाद सोडला. आणि ते सूर्याकडे तोंड फिरवणं? ते करतं ते कोवळं झाड. दिवसा देठाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, म्हणून शेंडा पश्चिमेला झुकत जातो, रात्री उलट. फूल पूर्ण उमललं की हे फिरणं थांबतं आणि ते कायमचं पूर्वेला तोंड करून उभं राहतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी काही कुंड्या उलट्या फिरवून पाहिल्या, तर पूर्वेकडे तोंड असलेल्या फुलांवर सकाळी पाचपट माश्या आल्या. ऊन लवकर पडतं, तबक लवकर तापतं, माश्यांना ऊब आवडते, इतकं साधं. आयुष्यभर एकनिष्ठ राहणाऱ्या प्रियेसाठी ज्यांनी सूर्यफुलाची उपमा वापरली त्यांचं मात्र यानं अवघड झालं.

हे झाड मूळचं उत्तर अमेरिकेचं. तिथल्या मूळ रहिवाशांनी चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ते शेतात आणलं. आजच्या टेनेसी राज्यातल्या उत्खननात तितके जुने, माणसानं निवडून मोठे केलेले दाणे सापडले आहेत. ते दाण्यांचं पीठ करत, टरफलांपासून जांभळा रंग काढत, आणि तेलही. पण तेल खायलाच होतं असं नाही. १६१५ मध्ये शांप्लँ हा फ्रेंच प्रवासी ह्युरॉन लोकांमध्ये राहिला. ते सूर्यफूल पेरतात आणि त्याच्या तेलानं डोकं माखतात, असं त्यानं नोंदवून ठेवलंय. स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात बी युरोपात नेलं आणि तिथे ते दोनशे वर्षं बागेत मिरवलं. १७१६ साली इंग्लंडात आर्थर बन्यन नावाच्या माणसानं या बीतून तेल काढण्याचं पेटंट घेतलं. ते कुणाच्या उपयोगी पडेल याची त्यानं दिलेली यादी वाचून मी फळीकडे वळून पाहिलं: लोकरीचा धंदा करणारे, चित्रं आणि भिंती रंगवणारे, चामडं कमावणारे.

रंगवणारे! म्हणजे आईचं रोगण तीनशे वर्षांपूर्वीच कागदोपत्री आलेलं होतं.

ताटात ते खरं आलं रशियात. सांगतात ती गोष्ट अशी, की ऑर्थोडॉक्स चर्चच्या लांब उपवासात लोणी आणि प्राण्यांची चरबी चालत नसे. निषिद्ध पदार्थांच्या यादीत सूर्यफुलाचं नाव नव्हतं, कारण यादी केली तेव्हा ते कुणाला ठाऊकच नव्हतं. गोष्ट इतकी नीटनेटकी आहे की मला तिचा संशय येतो. पण उपवासाच्या दिवसांत लोण्याच्या जागी काहीतरी हवं होतं, एवढं धरलं तरी पुरे. माझा जीव खरा जडला तो दानिइल बोकारेव्ह या माणसावर. अलेक्सेयेव्हका गावातला, शेरेमेत्येव्ह नावाच्या सरदाराच्या मालकीचा भूदास. मालकीचा म्हणजे जमिनीबरोबर विकला जाऊ शकेल असा. १८२९ मध्ये त्यानं हातानं चालवायच्या घाण्यावर सूर्यफुलाच्या बिया पिळून पाहिल्या. तेल निघालं. चार वर्षांत एका व्यापाऱ्यानं पैसे घातले आणि घोड्यानं फिरणारा घाणा उभा राहिला. पुढच्या दोन-तीन दशकांत ते गाव घाण्यांनी भरून गेलं. बागेतल्या फुलाकडे सगळे बघत होते. त्याच्या बीत पोटाची सोय त्याला दिसली. पहिली धार पडली तेव्हा त्यानं बोट लावून चाखली असणार, असं मला उगाच वाटत राहतं. त्या तेलाला वास असणार. दाट, भाजल्या टरफलांचा, वाळल्या गवताचा वास.

हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण एका मित्रानं मला तसलं तेल भेट दिलं होतं. न शुद्ध केलेलं, नुसतं पिळलेलं आणि गाळलेलं. बाटली उघडली आणि स्वयंपाकघरात कुणीतरी बियांचं पोतं मोकळं केल्यासारखं झालं. रंग जुन्या पितळेचा, तळाला बोटभर गाळ. मी भारावून गेलो, चार जणांना फोन करून सांगितलं, आणि मग पहिल्याच दिवशी त्यात बटाट्याचे काप तळायला घेतले. कढई नीट तापते न तापते तोच धूर. डोळे चुरचुरायला लागले, खिडक्या उघडल्या, आई खोकत बाहेर गेली. शुद्ध न केलेलं हे तेल साधारण १०७ अंश सेल्सिअसलाच धुरायला लागतं, तर शुद्ध केलेलं सव्वादोनशेच्या पुढे जाईपर्यंत शांत असतं, हे मला खिडकीत उभं राहून कळलं. तेल कच्चंच कोशिंबिरीवर घालायचं असतं, असं मित्र नंतर म्हणाला. घातलं. आवडलं का? खरं सांगायचं तर, त्या तेलाची कल्पना मला त्या तेलापेक्षा जास्त आवडली. अर्धी बाटली कपाटात राहिली आणि एक दिवस खवट झाली. टाकून देताना अपराधी वाटलं, पण त्यात सुटल्याचाही भाग होता.

मग किटलीतल्या रोजच्या तेलाला वास का नाही? कारण तो काढलेला असतो. बी दाबून निघेल तेवढं काढतात, उरलेलं हेक्झेन नावाच्या द्रावकात विरघळवून, ते उडवून लावून मिळवतात. पाण्यानं चिकट फॉस्फोलिपिड वेगळे करतात, अल्कलीनं सुटी आम्लं साबण करून काढतात, मातीतून गाळून रंग उतरवतात. टरफलातून आलेलं मेण थंड करून गोठवतात आणि गाळून टाकतात, नाहीतर गारठ्यात बाटली ढगाळ दिसते. शेवटी निर्वात भांड्यात, दोनशेच्या वर अंशांना, त्यातून वाफ सोडतात. वाफ आपल्याबरोबर उरलासुरला वास घेऊन जाते. एवढं सगळं सोसून जे बाहेर पडतं ते पाण्यासारखं निर्मळ, बिनबोभाट, कशाच्याही मध्ये न येणारं. घरातल्या काही माणसांसारखं. आणि थोडं अन्यायाचं वाटलं तरी, मला रोजच्या स्वयंपाकाला असंच तेल हवं असतं, ही माझी कबुली.

या निर्मळपणालाच आपण 'हलकं' म्हणतो. हे तेल हलकं, ते जड. माझ्या तोंडातही हा शब्द वर्षानुवर्षं होता. मग एकदा बाटलीच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचलं. १०० ग्रॅमला ८८४ किलोकॅलरी. तिळाच्या तेलाचं पाहिलं, ऑलिव्हचं पाहिलं, तोच आकडा. तेल म्हणजे नखशिखांत स्निग्ध पदार्थ. त्यात पाणी नाही, प्रथिन नाही, हलकं व्हायला जागाच नाही. हलकं असतं ते जिभेला आणि नाकाला. बाटलीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'कोलेस्टेरॉल नाही' असंही होतं. कुठल्याच वनस्पतीच्या तेलात ते सांगण्याइतकं नसतं. माशांच्या टोपलीवर 'यात पिसं नाहीत' अशी पाटी लावावी त्यातला प्रकार.

मग त्यात आहे तरी काय? नेहमीच्या सूर्यफूल तेलात निम्म्याहून जास्त, कधी कधी सत्तर टक्क्यांवर, लिनोलेइक आम्ल असतं. संपृक्त स्निग्धाम्लं अकराएक टक्के, उरलेलं बहुतेक ओलेइक. लिनोलेइक आपलं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते बाहेरूनच यावं लागतं. हे कळलं तेही तसं अलीकडे. १९२९ मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोनं मिनेसोटात उंदरांना स्निग्ध पदार्थ अजिबात नसलेलं खाणं घातलं. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांची झाली, शेपट्या खराब झाल्या. थोडं लिनोलेइक दिलं की सावरत. तोवर चरबी म्हणजे नुसतं इंधन अशी समजूत होती. दुसरी जमेची गोष्ट ई जीवनसत्त्व. १०० ग्रॅम तेलात सुमारे ४१ मिलिग्रॅम, म्हणजे एका मोठ्या चमच्यात पाच-साडेपाच. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं १५ च्या आसपास. त्याचं शास्त्रीय नाव टोकोफेरॉल, ग्रीकमधल्या 'बाळंतपण' आणि 'वाहून आणणं' या शब्दांवरून, कारण १९२२ मध्ये ते सापडलं ते मादी उंदरांचे गर्भ टिकेनात म्हणून. ओमेगा-३ मात्र या तेलात जवळजवळ नाहीच. ते दुसरीकडून मिळवावं लागतं.

इथवर आल्यावर वर्तुळाचं कोडं आपोआप सुटलं, आणि सुटलं म्हणून मी जास्तच अस्वस्थ झालो. लिनोलेइकच्या लांब साखळीत दोन ठिकाणी दुहेरी बंध असतात, आणि त्या दोहोंच्या मधोमध एक कार्बन, ज्याचे हायड्रोजन फार सैलपणे धरलेले असतात. हवेतला ऑक्सिजन नेमका तिथे घुसतो. एक हायड्रोजन निसटला की तो रेणू बेचैन होतो, शेजाऱ्याचा ओढतो, शेजारी पुढच्याचा. शेवटी रेणू एकमेकांचे हात धरतात आणि पातळ तेलाचं जाळं होतं. जाळं म्हणजे रोगण. एकच दुहेरी बंध असलेलं ओलेइक याच वाटेनं जातं, पण दसपट सावकाश. संपृक्त चरबी तर जवळजवळ जातच नाही. म्हणजे ज्या गुणासाठी डॉक्टर या तेलाला बरं म्हणतात, त्याच गुणानं ते माझ्या फळीवर कडक झालं होतं. तो गुण म्हणजे अपुरेपणा. साखळीत जागा रिकाम्या आहेत म्हणून ते गारठ्यातही वाहतं, आपल्या पेशींच्या आवरणात बसून त्यांना लवचीक ठेवतं, आणि त्याच रिकाम्या जागांमुळे हवेला बळी पडतं. ई जीवनसत्त्व बीत असतं ते यासाठीच. ते आपला हायड्रोजन देऊन टाकतं आणि साखळी तिथल्या तिथे थांबवतं. आपल्यासाठी नव्हे, बीला पेरणीपर्यंत खवट न होता टिकायचं असतं म्हणून. आपण तिचा पहारेकरी तेलाबरोबर चोरला, इतकंच.

संस्कृतात तेलालाही स्नेह म्हणतात आणि मायेलाही. चिकटण्याची सोय दोन्हीत आहे.

झाडालाही हा हिशेब कळतो, असं म्हणायचा मोह होतो. बी भरताना हवा थंड असेल तर तीच जात जास्त लिनोलेइक बनवते, गरम असेल तर ओलेइक वाढतं. एकाच पोत्यातलं बियाणं दोन हवामानांत पेरलं तर दोन वेगळी तेलं मिळतात. बाटलीवरचं फूल तेच. माणसालाही मग यात हात घालावासा वाटणारच. रशियातल्या क्रास्नोदार शहरात वासिली पुस्तोव्होइत यांनी १९१२ पासून आयुष्यभर एकच काम केलं. प्रत्येक निवडक झाडाच्या थोड्या बिया तेल मोजायला, थोड्या पेरायला, उरलेल्या राखून ठेवायच्या. पेरलेल्यांचा निकाल चांगला आला की राखलेल्या बाहेर काढायच्या. तिशीतलं तेलाचं प्रमाण त्यांनी पन्नास टक्क्यांवर नेलं. टरफलं पातळ होत गेली, गर भरत गेला. त्याच शहरात १९७६ च्या सुमारास सोल्दातोव्ह यांनी डायमिथिल सल्फेट या जहाल विषात बी भिजवून त्यातून एक वाण निवडलं, ज्याच्या तेलात लिनोलेइकच्या जागी बहुतेक ओलेइकच होतं. नाव ठेवलं 'पेर्व्हेनेत्स', म्हणजे पहिलं अपत्य. आज बाटलीवर 'हाय ओलेइक' लिहिलेलं असतं त्यातल्या बहुतेक तेलांचं कूळ तिथे पोचतं. ते तळणाला टिकतं, लवकर चिकटत नाही, फळीवर वर्तुळ उमटवायला त्याला फार वेळ लागेल. आणि ज्या लिनोलेइकसाठी या तेलाचं कौतुक झालं ते त्यात नावाला उरतं. गुणी झालं, पण स्वभाव बदलला. याचं बरं मानावं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मधल्या काळात फोनवर नातेवाइकांचे संदेश सुरू झाले होते. बियांची तेलं म्हणजे विष, सगळी टाकून द्या, इत्यादी. कालपर्यंत हेच लोक 'हृदयासाठी उत्तम' म्हणून हेच तेल सुचवत होते. दोन्ही बाजूंच्या उत्साहाचा मला सारखाच कंटाळा आला. संशोधनात गुंता आहे, हे खरं. १९६६ ते १९७३ मध्ये सिडनीत हृदयरोग झालेल्या पुरुषांना भरपूर लिनोलेइकचं करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारीन, म्हणजे तेलापासून केलेलं नकली लोणी, दिलं गेलं. २०१३ मध्ये त्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा त्या गटात मृत्यू जास्त निघाले. मार्गारीनमध्ये घातक ट्रान्स फॅट असावेत, अशी टीकाकारांची शंका आहे. उलट अनेक प्रयोग एकत्र पाहून अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१७ मध्ये सांगितलं, की संपृक्त चरबीच्या जागी अशी तेलं घेतली तर हृदयविकार तीसएक टक्क्यांनी कमी होतो. 'च्या जागी' हे दोन शब्द महत्त्वाचे, आणि संदेशांत नेमके तेच गळतात. तेल चांगलं म्हणून जास्त ओतायचं नसतं. दुसऱ्या कशाच्या तरी जागी घ्यायचं असतं. मला विचाराल तर ते विष नाही आणि औषधही नाही. माझा गुन्हा वेगळाच आहे. तळून उरलेलं तेल मी गाळून ठेवतो. दुसऱ्यांदा तापवलं की ते काळवंडतं, तिसऱ्यांदा त्यावर फेस धरतो, आणि कढईच्या कानाखाली जो पिवळा लाखेसारखा थर जमतो तो याच प्रक्रियेचा, फक्त चार महिन्यांचं काम चार मिनिटांत. फळीवरच्या वर्तुळापेक्षा त्या थराची काळजी मी करायला हवी होती, आणि ती इतकी वर्षं केली नाही.

२०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि युद्ध सुरू झालं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की माझ्या किटलीचं दुसरं टोक कुठे असू शकतं. जगात निर्यात होणाऱ्या सूर्यफूल तेलापैकी निम्मं एकट्या युक्रेनचं होतं. रशिया धरला तर तीन चतुर्थांश. युरोपातल्या दुकानांनी गिऱ्हाइकामागे बाटल्या मोजून द्यायला सुरुवात केली. युद्धाच्या पहिल्याच दिवशी युक्रेनमधल्या हेनिचेस्क गावात एक बाई बंदूकधारी रशियन सैनिकासमोर उभी राहून त्याला सांगत होती, की या बिया खिशात ठेव, म्हणजे तू इथल्या मातीत पडलास की निदान सूर्यफुलं तरी उगवतील. ते दृश्य मी जेवताना पाहिलं. पुढचे कितीतरी दिवस किटली उचलताना तिचा आवाज कानात यायचा; आणि मग, कबूल करायला हवं, यायचा बंद झाला.

वर्तुळ आठवडाभर तसंच होतं. सोडा झाला, लिंबू झालं, सुरीच्या पाठीनं खरवडून फळीचा रंगही थोडा निघाला. शेवटी आईनंच न राहवून किटलीतलं थोडं तेल त्यावर ओतलं, वर चिमूटभर सोडा भुरभुरला आणि म्हणाली, "तेलानंच जातं ते. थांब जरा, घाई करू नकोस." तासाभरानं ती स्वतःच बोटानं गोल गोल चोळत बसली. पिवळा भाग मऊ होऊन गोळ्या गोळ्या निघायला लागला. ओशट झाला, पुन्हा तेलासारखा झाला. मुंगी सुटली. केस सुटला. मी फडकं पुढे केलं तर तिनं बघितलंही नाही, बोटाचं काम फडक्यानं होत नाही अशा थाटात चोळत राहिली. कडेचा एक तपकिरी तुकडा, चंद्राच्या कोरीएवढा, काही केल्या निघाला नाही. "राहू दे," ती म्हणाली, "किटलीखाली झाकला जाईल."

मी जुन्या वहीतला एक कागद फाडून घडी केला, कोरीवर पसरला आणि वर किटली ठेवली. रात्री कधीतरी धारेचा एक ओघळ बाहेरून उतरला असावा. सकाळी कागद उचलला तर त्यावर अर्धवट गोल डाग. मी तो खिडकीकडे धरला. पलीकडचं झाड दिसत होतं, थोडं पिवळं, थोडं हललेलं. आईनं मागून विचारलं, "काय बघतोयस?" मी कागद तिच्या हातात दिला. तिनं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि उजेडाकडे धरला.